मधल्या दारावरचा झिरो

त्याची जागा ठरलेली होती. पुढची खोली आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या चौकटीवर, वीतभर उंच. तिथे लावला की एका दिव्यात दोन्ही खोल्या भागत. भिंतीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीवरून आलेली वायर, काळा बॅकेलाइटचा होल्डर आणि त्यात मुठीत मावेल एवढा हिरवा बल्ब. हिरवाच का, तर ज्या दिवशी आणायला गेले त्या दिवशी दुकानदाराकडे हिरवा होता. रंगाचा थर काचेवर बाहेरून दिलेला असे. नवा बल्ब पहिल्यांदा तापला की त्या रंगाचा उग्र वास खोलीभर पसरायचा. पुढे कुणीतरी पुसताना नख लागून रंगाचा टवका निघे आणि त्या जागेतून पांढऱ्या उजेडाची एक तिरीप थेट समोरच्या कॅलेंडरवर पडे. माश्यांनी त्याच्यावर ठिपके घातलेले असत. पाल शेजारीच टपून बसलेली असे, कारण चिलटं कुठे येतात हे तिला ठाऊक होतं.

घरातल्या बाकीच्या दिव्यांना आकडे होते. स्वयंपाकघरात चाळीसचा, न्हाणीघरात साठचा, मागच्या अंगणात शंभरचा, आणि तोही कुणी आल्याची चाहूल लागली तरच. शंभरचा घरात लावणं म्हणजे ऐश होती. यालाही आकडाच होता, पण तो ऐकून घरातल्या कर्त्या माणसाच्या जिवाला थंडावा मिळायचा. झिरोचा.

दिवेलागणीशी त्याचा संबंध नसे. तिन्हीसांजेला पुढच्या दाराचा दिवा लागे, देवाजवळ निरांजन लागे, मुलं शुभंकरोति म्हणत. विजेचं बटण दाबलं तरी आजी त्या दिव्याकडे बघून हात जोडायची. मग ट्यूब असो की बल्ब. झिरोला कधी कुणी नमस्कार केल्याचं मी पाहिलं नाही. तो लागे सगळ्यात शेवटी, अंथरुणं पडल्यावर. "झिरो लाव आणि मोठा बंद कर," हे दिवसातलं शेवटचं वाक्य असे. ते कुणी म्हटलं की गप्पा, अभ्यास, भांडण, जे काय चालू असेल ते संपे.

त्याचं काम काय, हे आजच्या घरात बसून चटकन कळणार नाही. तेव्हा खाटा कमी होत्या आणि माणसं जास्त. रात्री दोन्ही खोल्यांतली जमीन गाद्या-सतरंज्यांखाली नाहीशी होई. भिंतीशी आजी, मग लहान मुलं उभी-आडवी, दारापाशी कुणीतरी पाहुणा, कारण पाहुणा नाही अशी रात्र विरळच. मध्येच कुणाला पाणी हवं असे, कुणाला मागे जायचं असे. संडास परसात किंवा चाळीच्या टोकाला. तिथवर पोचायचं तर कुणाचा पाय कुठे आहे हे कळायला हवं. झिरोच्या उजेडात वाचता येत नसे, सुईत दोरा ओवता येत नसे, औषधाच्या बाटलीवरचं नाव दिसत नसे. पायाखाली कुणाचा हात येणार नाही, एवढंच तो सांगे. तान्ह्या बाळाच्या आईला दिवा न लावता दुपटं सापडे. दुधावरचं झाकण सरकलंय का, मांजर आत आलंय का, हे पडल्यापडल्या कळे. कोकणातल्या आमच्या एका मावशीकडे तर पावसाळ्यात विंचवासाठी म्हणून झिरो लागे. विंचू त्या उजेडात खरंच दिसला असता का, याची मला शंका आहे, पण तो लागलेला असला की मावशी निर्धास्त झोपायची.

वीज येण्याआधी हे काम कंदिलाचं होतं. वात बारीक करून तो कोपऱ्यात ठेवायचा. पहाटेपर्यंत काच काळी, खोलीत रॉकेलचा वास. झिरोनं ती गादी चालवली आणि वास तेवढा घालवला.

रंगाबद्दल घरोघर मतं होती. देवघरात लाल, झोपायच्या खोलीत हिरवा किंवा निळा, अशी साधारण वाटणी. रेल्वेच्या शयनयान डब्यातही रात्रीचा दिवा निळाच असतो, त्यामुळे निळा म्हणजे शांत असं एक मत घट्ट बसलं होतं. शास्त्र नेमकं उलट सांगतं. झोप आणणारं मेलाटोनिन निळ्या उजेडानं जास्त दबतं, तांबड्यानं सगळ्यात कमी. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे लाल दिव्यातून उठून अंधाऱ्या परसात गेलं तरी डोळे आंधळे होत नाहीत. म्हणजे झोपेच्या दृष्टीनं देवघरातला झिरो माजघरात हवा होता. देवाला निळा चालला असता.

आता त्याच्या खाण्याबद्दल. इथे त्याचं चरित्र जरा संशयास्पद होतं.

आमच्या पिढीच्या लहानपणाला विजेच्या बाबतीत एक पार्श्वसंगीत होतं. "खोलीत कोण आहे? मग लाइट कुणासाठी जळतोय?" "सगळे एका खोलीत बसा." "आजोबांनी वीज कंपनी काढलीय का तुझ्या?" पुढच्या खोलीतली ट्यूब पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की स्टार्टर दोनतीनदा डोळे मिचकावी, ट्यूब लागे, चेहरे उजळ दिसत. पाहुणे चपला घालून फाटकापर्यंत पोचत नाहीत तोच ट्यूब बंद. न्हाणीघराचा साठचा दिवा दहा मिनिटं चुकून राहिला तर त्याची चर्चा जेवताना होई. हे सगळं कंजूषपणाचं नव्हतं. बिल भरायला रांगेत उभं राहणाऱ्याला एकेक युनिट दिसत असे. पण या सगळ्या धाकातून एक जण कायमचा सुटलेला होता. रात्री दहाला लागलेला झिरो सकाळी दुधाची पिशवी येईपर्यंत जळत असे आणि कुणी चकार शब्द काढत नसे. त्याला काही लागतच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

झिरोचा म्हणून विकला जाणारा तो बल्ब खरं तर बारा ते पंधरा वॅटचा असतो. पंधरा धरू. रात्रीचे नऊ तास तो लागला तर १३५ वॅट-तास. न्हाणीघरातला साठचा दिवा दहा मिनिटं राहिला, ज्यावरून एवढं रामायण झालं, तर त्याचे दहा. म्हणजे ज्याला ओरडा बसला त्याच्या तेरापट हा गृहस्थ रोज रात्री मुकाट्यानं खाऊन बसे. चोकसकट पंचावन्न वॅटच्या आसपास घेणारी ट्यूब तेवढ्यात जवळजवळ अडीच तास चालली असती, आणि तिच्याखाली दोन मुलांचा अभ्यास झाला असता. वर्षाचा हिशेब केला तर ४९ युनिटं.

एकत्र कुटुंबात एखादे बिनलग्नाचे काका असतात. पंगतीत दोन पोळ्या घेऊन उठतात, म्हणून सगळे त्यांना अल्पाहारी म्हणतात; दुपारी डब्यातले लाडू कुणी संपवले हे मात्र कुणी विचारत नाही. झिरोचं तसं होतं.

बरं, लोक भोळे होते म्हणावं तर तसंही नाही. त्यांनी प्रयोग केलेला होता. जुना मीटर म्हणजे काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेवर एक खूण. घरातले सगळे दिवे बंद करून फक्त झिरो लावायचा, बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी जायचं आणि बघायचं. चकती जागची हलत नसे. पाच मिनिटं बघा, दहा मिनिटं बघा, खूण तिथेच. प्रत्येक घरात एक तरी माणूस असा होता ज्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जो ते लग्नामुंजीत सांगत असे. आमच्या वाड्यात मालक मीटर एकच ठेवून भाडेकरूंकडून पॉइंटमागे पैसे घेत, आणि त्या चोख माणसानंही झिरोचा पॉइंट कधी हिशेबात धरला नाही.

निरीक्षण बरोबर होतं. चकतीच्या टेकूला घर्षण असतं, ते ओलांडायला ठरावीक किमान करंट लागतो. पंधरा वॅटच्या दिव्यातून जेमतेम ६५ मिलीअँपिअर जातात. मीटर झिजलेला असेल तर एवढ्यानं तो जागा होत नसे. चुकत होता तो निष्कर्ष. उन्हाळ्यात डोक्यावर पंखा चालू असे, त्याचे सत्तर-पंचाहत्तर वॅट. पंख्यानं चकती एकदा फिरायला लावली की झिरोचे पंधरा त्यात रीतसर मिसळत आणि मोजले जात. फ्रीज आल्यावर तर प्रश्नच मिटला. पण प्रयोग करताना पंखा बंद ठेवायचा, हीच तर प्रयोगाची अट होती! पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्यांत फिरणारं काही नाही आणि बारीकसारीकही टिपलं जातं. तेव्हा बिलं वाढली, आणि नवे मीटर जोरात पळतात असा बोभाटा झाला. काही ठिकाणी तो खराही असेल. पण त्या वाढीत झिरोचा वाटा किती, हे कुणी शोधायला गेलं नाही. त्याच्यावर संशय घ्यायचा कुणी?

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूनं जात नाही. तारेचा बल्ब मुळातच उधळ्या. घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तो उष्णतेत घालवतो. त्यातही लहान वॅटचे दिवे जास्त उधळे, कारण त्यांची तार केसाहून कितीतरी बारीक असते आणि ती मोठ्या दिव्यातल्या तारेएवढी तापवता येत नाही. वॅटमागे शंभरच्या दिव्यापेक्षा जवळपास निम्माच प्रकाश हाती येतो. आणि त्यावर हिरवा रंग फासायचा, म्हणजे आलेल्या प्रकाशातला बराचसा काचेवरच अडवायचा. घरातला सगळ्यात काटकसरी समजला जाणारा दिवा प्रकाशाच्या हिशेबानं सगळ्यात खर्चिक होता.

तरीही मला त्याचा राग येत नाही. याचं एक कारण असं की तो खरं बोलायचा. खेड्यातल्या घरी रात्री मधूनच झिरो मंदावे. हिरवा उजेड विझत जाऊन नुसती तांबूस तार दिसू लागे. पडल्यापडल्या कुणीतरी म्हणे, "मोटारी चालू झाल्या." शेतीपंपांना रात्रपाळीची वीज आलेली असे, शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होत आणि गावाचं व्होल्टेज खाली बसे. तारेच्या दिव्याचा स्वभावच असा की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे तारांतून काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसे. झिरो मंद असेपर्यंत फ्रीज सुरू करायचा नाही, हा नियम मी बऱ्याच घरांत पाहिला. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर तो निरोप्याच होता. गेलेली वीज मध्यरात्री आली की आधी त्याचा उजेड पडे, मग पंखा कुरकुरत फिरायला लागे. आजचा एलईडी दिवा आतल्या सर्किटमुळे व्होल्टेज बरंच वरखाली झालं तरी एकसारखा जळतो. सोय मोठी आहे. पण विजेची तब्येत बिघडलीय हे आता घरात कुणाला कळत नाही, थेट काहीतरी जळाल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे, तो मेला तरी लगेच मरत नसे. तारेचा बल्ब जातो तो बहुधा बटण दाबताना, कारण थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो आणि पहिल्याच क्षणी करंटचा लोंढा येतो. टिंग असा बारीक आवाज, आणि अंधार. मग स्टुलावर चढून तो काढायचा, कानाशी धरून हलवायचा. तुटलेली तार आत किणकिणली की निदान पक्कं. पण टाकून द्यायचा नाही. परत होल्डरमध्ये बसवून, बटण चालू ठेवून, बोटानं हळूच टिचक्या मारायच्या. तुटकं टोक नशिबानं दुसऱ्या भागाला टेकलं की तिथेच चिकटे आणि दिवा लागे, तोही आधीपेक्षा झगझगीत, कारण तार आता आखूड झालेली. या पुनर्जन्मात तो फार जगत नसे, तरी सणासुदीपर्यंत रेटायचा. हे कसब मुलग्यांकडे असे आणि चटके बसणं हा त्याचाच भाग. आज खोलीभर एलईडी असलेल्या मुलांना दिव्याला टिचकी मारून जिवंत करता येतो हे सांगितलं की ती माझ्याकडे जरा काळजीनं बघतात.

घराबाहेरही त्याला मान होता. दिवाळीत कागदी आकाशकंदिलात साठचा बल्ब सोडला तर रात्रीत कागद करपे, तिथे हाच. गणपतीच्या मांडवात, उरुसात, जत्रेत लाकडी पट्ट्यांवर याचीच तांबडी-हिरवी-पिवळी रांग. पण त्याची खरी प्रतिष्ठा फोटो स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. कृष्णधवल छपाईच्या ब्रोमाइड कागदाला लाल प्रकाश दिसत नाही, म्हणून डार्करूममध्ये लाल झिरो लावून बसता येई. हायपोच्या वासात, तबकातल्या पाण्याखाली कोऱ्या कागदावर नवरा-नवरीचे चेहरे हळूहळू उमटताना बघायला मीही एकदा आत शिरलो होतो. हौशी छायाचित्रकार घरच्या न्हाणीघरातच हा उद्योग करत, आणि लाल उजेड दिसला की बाहेरची मंडळी दारावर थापा मारत, कारण न्हाणीघर एकच.

मग काटकसरीची लाट आली. आधी सीएफएल. वेटोळ्या नळीचा तो दिवा लागायला क्षणभर घुटमळे आणि पूर्ण उजळायला आणखी वेळ घेई; त्यात पारा असल्यानं फुटला की खिडक्या उघडा, हात लावू नका, अशी सूचनांची यादी. २००९ मध्ये केंद्र सरकारनं बचत लॅम्प योजना काढून तो साध्या बल्बच्या किमतीला द्यायचं ठरवलं. तो आला, काही वर्षं राहिला आणि मनात घर न करता गेला. त्याच्याबद्दल कुणी हळवं झालेलं मला माहीत नाही.

एलईडीचं प्रकरण वेगळं. निळा एलईडी बनवणं जमलं म्हणून पांढरा जमला. निळ्या चकाकीवर पिवळा लेप दिला की डोळ्याला पांढरं दिसतं. ते निळं काम करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि लगेच ५ जानेवारी २०१५ ला आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ संपायच्या आत ३८ रुपयांवर आला. टेबल टाकून, विजेचं बिल बघून, वाटप सुरू. आधी सात वॅटचे, मग नऊचे. देशभरात छत्तीस कोटींहून जास्त दिवे या योजनेतून गेले. वीजक्षेत्रातल्या सरकारी योजनेबद्दल मी एरवी इतकं चांगलं लिहिणार नाही, पण नऊ वॅटमध्ये साठच्या बल्बपेक्षा जास्त उजेड, आणि तोही गावातल्या सगळ्यात गरीब घरात, ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. चाळीसच्या पिवळ्या दिव्याखाली डोळे फोडून अभ्यास करण्यात काही थोरवी नव्हती. दुसरा दिवा परवडत नव्हता, एवढंच.

बदललं ते बोलणं. जी बाई आयुष्यभर मुलांच्या मागे बटणं बंद करत फिरली, तीच आता म्हणते, "असू दे, एलईडी आहे." गॅलरीतला दिवा रात्रभर. जिन्यातला दिवसाही. आणि हिशेब काढला तर तिचं खरं आहे: गॅलरीतला नऊ वॅटचा दिवा नऊ तास जळला तरी ८१ वॅट-तास होतात, जुन्या झिरोहून कमी. ओरडण्यासारखं उरलंच काय? फक्त त्याच घरात आता पीओपीचं छत आहे, छतात आठ-आठ वॅटचे डझनभर दिवे, कडेनं पट्टीचा उजेड, भिंतीवरच्या तसबिरीला स्वतंत्र. पूर्वी पंचावन्न वॅटची एक ट्यूब जिथे भागवत होती तिथे आता शंभराच्या वर जातात. दिवे शहाणे झाले आणि आपण मोकळे सुटलो. काटकसर आपल्या हातातून दिव्याच्या पोटात गेली, असं मला कधीकधी वाटतं. त्यात वाईट आहेच असंही नाही. सारखं ओरडणारं घर कुणाला आवडायचं?

या लाटेत झिरो गेला, असा समज आहे. मला तो पटत नाही. वीज वाचवायला म्हणून त्याला कुणी काढलं नाही, कारण तो वीज खातो असं कुणाला वाटलंच नव्हतं. तो गेला घरं बदलली म्हणून. खाटा आल्या, मग खोल्या वेगळ्या झाल्या, प्रत्येक खोलीला आपलं न्हाणीघर जोडलं गेलं. जमिनीवर कुणी झोपेना, त्यामुळे कुणाच्या अंगावर पाय पडायची भीती संपली. पाहुणे हॉटेलात उतरू लागले, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ लागले. आमच्याकडे रंगकाम आणि नवी वायरिंग निघाली तेव्हा वायरमननं मधल्या दाराकडे बोट दाखवून विचारलं, "इथला पॉइंट ठेवायचा का?" तेव्हा मधलं दारही पाडायचं ठरलेलं होतं. कुणी नाही म्हणालं नाही आणि हो पण म्हणालं नाही. दोन दिवसांनी तिथे भिंत सपाट होती.

त्याच्या नावानं आज दुकानात मिळतो तो अर्ध्या वॅटचा एलईडी. प्लगमध्ये खोचायचा, गणपतीच्या नाहीतर बदामाच्या आकाराचा, कधी दर सेकंदाला रंग बदलणारा. वर्षाकाठी दोन युनिटंही खात नाही. घरात हा एकटाच लागलेला असेल तर नवा इलेक्ट्रॉनिक मीटरसुद्धा बहुधा त्याची दखल घेणार नाही. जुन्या झिरोबद्दल जे सांगितलं जायचं ते याच्याबाबतीत खरं आहे, पण ते सांगायला आता कुणी मीटरपाशी जात नाही.

आणि त्याची खरी गादी या बदामानं चालवलेलीच नाही. ती चालवतो टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटनं बंद होतो, बॉक्सवरचा लाल ठिपका तसाच राहतो. हात लावून बघा, कोमट असतो. मॉडेलप्रमाणे कमीजास्त, पण दहा वॅटच्या आसपास घेणारे बॉक्स सर्रास आहेत, आणि ते रात्रीच नव्हे, दिवसाचे चोवीस तास घेतात. म्हणजे झिरोहून जास्त. शेजारी वायफायचा राउटर हिरवा लुकलुकतो, एसीच्या पट्टीवर आकडे जळतात, चार्जर भिंतीला लटकलेले. यांच्या उजेडात माणूस न ठेचकाळता स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतो. घराला एक खाणारा असा लागतोच, ज्याच्या जेवणाकडे कुणी बघत नाही.

जुना झिरो इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितला तर अजून मिळतो. पोल्ट्रीवाल्याला त्याचे थोरले भाऊ लागतात, कारण कोवळ्या पिलांना ऊब हवी असते आणि तिथे उधळ्या बल्बची उष्णता हेच काम. एलईडी लावून पिलं गारठतील. झिरोचं एक गिऱ्हाईक म्हणजे वायरमन. परवा आमच्याकडे एका खोलीतला एलईडी बटण बंद केल्यावरही मंद मिणमिणत होता, म्हणून एकाला बोलावलं. त्यानं पिशवीतून होल्डर काढला, त्याला दोन उघड्या वायरी आणि त्यात एक झिरो. बोर्ड उघडून त्यानं वायरी लावल्या. झिरो लागला नाही. "काही नाही," तो म्हणाला, "बटणातल्या त्या बारीक इंडिकेटरमधून थोडा करंट झिरपतो, तेवढ्यावर एलईडी जळतो. याला खरा करंट लागतो." मी विचारलं, एलईडीचाच टेस्ट दिवा का नाही ठेवत, हलका असतो, फुटत नाही.

"तो कशावरही लागतो हो," तो वायरी गुंडाळत म्हणाला. "मग खरा करंट कुठला, ते मला कसं कळणार?" त्याच्या झिरोचा मूळ रंग कोणता होता हे आता ओळखू येत नव्हतं. तो त्याला विचारला तर त्यालाही आठवेना. बटण बदलायचे ऐंशी रुपये होतील, एवढं त्यानं सांगितलं.